दाढ काढताना पीआरएफ करायचं ठरलंय? मग आधी हे विचारा आणि नंतर हे जपा

खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकलीये, ती कापून काढावी लागणार आणि डॉक्टर म्हणाले सोबत पीआरएफ पण करू, की पेशंटचा पहिला प्रश्न असतो, दाताच्या कामाला हातातलं रक्त कशाला? मी स्वतः डेंटिस्ट आहे, हा प्रश्न रोज ऐकते, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

पीआरएफ म्हणजे प्लेटलेट रिच फायब्रिन, फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं धाग्यांसारखं प्रथिन. 2001 मध्ये फ्रान्समध्ये डॉ. जोसेफ शुक्रून यांनी ही पद्धत आणली. दाढ निघाली की तिथल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि जखम त्या गुठळीच्या आधारानेच भरते. पीआरएफमध्ये आपण तशीच गुठळी बाहेर तयार करतो, फक्त त्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दाटीने गोळा झालेल्या असतात आणि फायब्रिनचं जाळं पक्कं असतं. त्यातून जखम भरायला लागणारे ग्रोथ फॅक्टर आठवडाभर किंवा त्याहून थोडे जास्त दिवस हळूहळू सुटत राहतात. सगळं तुमच्याच रक्तातलं, बाहेरचं औषध मिसळत नाही, त्यामुळे ॲलर्जीची भीती जवळपास नसतेच.

आधी डॉक्टरांना काय सांगायचं ते बघा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगाच, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते तुमचे हार्टवाले डॉक्टर आणि डेंटिस्ट मिळून ठरवतील. शुगर असेल तर एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ताजा रिपोर्ट न्या. नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण प्लेटलेट कमी असताना दाढ काढणंच पुढे ढकलावं लागतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते लपवू नका, त्याने जबड्याचं हाड भरण्यावर परिणाम होऊ शकतो. आणि जागा बधिर करूनच काम होणार असेल तर उपाशी येऊ नका, व्यवस्थित खाऊन आणि पाणी पिऊन या, म्हणजे शीर पण पटकन सापडते आणि चक्कर येत नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं. दंडाच्या शिरेतून साधारण 10 मिलीच्या दोन ते चार ट्यूब रक्त घेतात. ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं काहीही घातलेलं नको, सीबीसीला (रक्तपेशी मोजायची नेहमीची टेस्ट) वापरतात ती जांभळ्या झाकणाची ट्यूब इथे चालत नाही, त्यात गुठळी धरणारच नाही. रक्त घेतलं की लगेच, म्हणजे एक-दोन मिनिटांत, ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणारं मशीन) गेली पाहिजे, कारण रक्त गोठायला लागलेलं असतं आणि उशीर झाला तर फायब्रिन नीट वेगळं होत नाही, म्हणून रक्त घेणारा माणूस आणि मशीन दोन्ही शेजारी असले पाहिजेत. जुनी ठरलेली पद्धत म्हणजे 2700 आरपीएमला (मिनिटाला 2700 फेरे) 12 मिनिटं, कमी वेगाच्या नव्या पद्धती पण आहेत. ट्यूब बाहेर काढली की थर स्पष्ट दिसतात: तळाला गडद लाल पेशी, वर पिवळसर पाणी, आणि मधे फिकट पिवळी, चिमट्यात धरली की लोंबणारी मऊ गुठळी. तीच पीआरएफ. लाल भाग कापून टाकायचा (अगदी जोडाजवळचा थोडा ठेवतात, तिथे प्लेटलेट जास्त असतात), गुठळी स्टीलच्या बॉक्समध्ये हलक्या वजनाखाली दाबायची, की जाड सायीसारखा पडदा तयार होतो. तो खड्ड्यात ठेवून वर टाके घालतात. पेशंटने बघायचं म्हटलं तर मी दाखवते, बघितल्यावर भीती बरीच कमी होते.

फायदा किती? खालच्या अक्कलदाढेनंतर दुखणं कमी होणं, ड्राय सॉकेटची (खड्ड्यातली गुठळी निघून आतलं हाड उघडं पडणं) शक्यता कमी होणं आणि हिरडी लवकर जुळणं, यासाठी बऱ्यापैकी चांगला आधार आहे. हाड झपाट्याने भरतं असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तेवढ्या भरवशावर जास्त पैसे देऊ नका, हाड भरायला महिने लागतातच. साधा हलणारा दात काढताना तर बहुतेकदा याची गरजच नसते. म्हणून सरळ विचारा, माझ्या केसमध्ये पीआरएफ नेमकं कशासाठी?

घरी आल्यावरची काळजी मात्र पीआरएफ असो नसो सारखीच, आणि इथेच लोक ढिले पडतात. कापसाचा बोळा साधारण पाऊण तास घट्ट चावून धरा. पहिले 24 तास थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, त्या ओढीने आतली गुठळी निघते. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. खायला मऊ भात, वरण, दही, थंड झालेली पेज. भाकरी, चिवडा, फरसाण काही दिवस लांब ठेवा. सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि मिशरी पूर्ण बंद, मिशरी लावणाऱ्या मावश्या "थोडीशीच" म्हणतात पण ती थोडीशीच जखमेला त्रास देते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच गुळण्या, जोरात खळखळून नाही. त्या जागी लवंग ठेवू नका.

दोन-तीन दिवसांत जखमेवर पांढरट पिवळा थर दिसेल, तो बहुतेकदा पू नसून फायब्रिन असतो. टूथपिकने, कापसाने, बोटाने कशानेच तो खरवडू नका. सूजही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. पण तिसऱ्या दिवसापासून दुखणं वाढत चाललं, कानापर्यंत ठणका गेला, गोळीनेही थांबेना, तर ते ड्राय सॉकेट असू शकतं, क्लिनिकमध्ये धुऊन औषधाची पट्टी भरावी लागते. ताप, घाण वास, सूज उलट वाढणं, तोंड आधीपेक्षा कमी उघडणं किंवा घट्ट चावूनही न थांबणारं रक्त असेल तर त्याच दिवशी फोन करा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा. टाके काळ्या रेशमी दोऱ्याचे असतील तर आठवड्याने काढायला या.