इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालताना

चतुर्थीच्या साफसफाईत घरोघरी इन्व्हर्टरच्या बॅटरीची झाकणं उघडली जातात. आतल्या द्रवाला आपण ‘पाणी’ म्हणतो खरं, पण त्यात साधारण एक तृतीयांश गंधकाम्ल असतं. अंगावर उडालेला थेंब लगेच कळतही नाही; धुतल्यावर सुती शर्टाला चाळणीसारखी भोकं दिसतात. म्हणून आधी चष्मा आणि रबरी हातमोजे.

बॅटरीतून कमी होतं ते पाणी, आम्ल आतच राहतं. तेव्हा भर फक्त डिस्टिल्ड वॉटरची, खुणेपर्यंतच. दुकानदाराने ॲसिडची बाटली पुढे केली तर सरळ परत करा. विहिरीचं पाणीही नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगी पुरते. पावसात खिडक्या बंद, बॅटरी देवघरालगत आणि तिथे समई, ही मांडणी मला तरी बघवत नाही. बॅटरी हवेशीर जागी हलवा.

जमिनीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत. डोळ्यात गेलं तर मात्र सोडा नाही, चोळणं नाही: पापण्या उघड्या धरून निदान २० मिनिटं वाहतं पाणी, आणि लगेच १०८.