डोकं धरणाऱ्या वासाचं नाव काय? कामावरच्या रसायनाची खात्रीची माहिती कशी शोधायची

माझा आतेभाऊ पॅकेजिंगच्या छपाईत आहे. फरसाणाचे, बिस्किटांचे चकचकीत पुडे छापतात ना, ते काम. शाई पातळ करायला ड्रममधून थिनर काढायचा आणि रोलर पुसायला बोळा बुडवायचा, तोही त्याच थिनरात. संध्याकाळी घरी आला की डोकं जड आणि जेवणावर मन नाही. त्याने मोबाइलवर शोधलं, ‘थिनरच्या वासाने डोकं दुखतं उपाय’. मिळालं काय? वाफ घ्या, गूळ खा, प्राणायाम करा. सुपरवायझर म्हणाला, तुम्हाला रोज दूध देतो की! थिनरची वाफ फुप्फुसातून थेट रक्तात जाते. पोटातलं दूध तिला कुठल्या वळणावर गाठणार, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

त्याची चूक एवढीच की त्याने लक्षण शोधलं, पदार्थ शोधला नाही. ‘थिनर’ हे खरं नाव नव्हेच, ते टोपणनाव आहे. खरं नाव हाती लागेपर्यंत कुठलीही वेबसाइट, कुठलाही डॉक्टर अंदाजच बांधणार.

पहिली पायरी: ड्रमपाशी जा

भरलेल्या ड्रमवरचं मूळ लेबल शोधा. लहान डब्यात किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेल्या मालाला विचारात घेऊ नका. (तसं ओतून ठेवणं हाच एक मोठा धोका आहे, पण तो विषय वेगळा.) लेबलचा फोटो काढा. लाल कडेच्या, टोकावर उभ्या चौकोनातली चित्रं, धोक्याची वाक्यं आणि बारीक अक्षरांतला कॅस क्रमांक नीट दिसायला हवा.

हा कॅस क्रमांक म्हणजे रसायनाचं आधार कार्ड. थिनरमध्ये सापडणाऱ्या टोल्युइनचा 108-88-3, इथाइल ॲसिटेटचा 141-78-6. व्यापारी नावं कितीही बदलली तरी हा आकडा बदलत नाही. मराठीत तर त्याची जास्तच गरज आहे. इंग्रजीत एका अक्षराने वेगळे असलेले दोन पदार्थ आपण देवनागरीत सारखेच ‘बेंझिन’ लिहितो. त्यातला एक पेट्रोलियमपासून निघणारा मिश्र द्रावक (सॉल्व्हंट), दुसरा 71-43-2, म्हणजे माणसात रक्ताचा कर्करोग घडवतो असं सिद्ध झालेला पदार्थ. कानाला एक, जिवाला दोन.

आकडा फोटोत पुसट असेल तर तो तपासायची युक्ती आहे. शेवटचा अंक सोडून द्या, उरलेले अंक उजवीकडून डावीकडे 1, 2, 3 असे गुणत जा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक क्रमांकाच्या शेवटच्या अंकाशी जुळला पाहिजे. टोल्युइनचं पाहा: 8 एके 8, 8 दुणे 16, 8 त्रिक 24, 0 चोक 0, 1 पाचे 5. बेरीज 53, म्हणून शेवटी 3.

लेबलच नसेल तर? सुटा थिनर विकणाऱ्यांकडे ते बहुतेक नसतंच. मग स्टोअरमधून खरेदीचं बिल पाहा. बिलावरचा एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा जीएसटीतला क्रमांक, 3814 ने सुरू होत असेल तर ते द्रावकांचं मिश्रण आहे. 2902 30 असेल तर सरळ टोल्युइन. बिलावरून प्रमाण कळत नाही, पण पुरवठादाराला नेमकं काय विचारायचं ते कळतं.

दुसरी पायरी: सुरक्षितता माहितीपत्रक मिळवा

कारखान्यात याला अजून ‘एमएसडीएस’च म्हणतात. नवीन नाव एसडीएस. आधी कंपनीकडे मागा, मग पुरवठादाराला ईमेल करा. मिळालंच नाही तर कॅस क्रमांक आणि एसडीएस एवढंच टाकून शोधा. मोठ्या उत्पादकांची पत्रकं मोफत सापडतात. मात्र इंटरनेटवरचं पत्रक दुसऱ्या कुणाच्या मालाचं असतं. शुद्ध टोल्युइनसाठी ते चालेल, तुमच्या मिश्रणासाठी पुरणार नाही.

पत्रकाचे ठरलेले 16 विभाग असतात. पहिल्यापासून वाचत बसाल तर कंटाळून ठेवून द्याल. आधी दुसरा विभाग, म्हणजे धोके. मग तिसरा, आत काय काय आणि किती टक्के. त्यानंतर आठवा, संरक्षणाची साधनं, आणि चौथा, प्रथमोपचार. पत्रकाची तारीखही पाहा. दहा वर्षांपूर्वीचं असेल तर नवं मागा.

दुसऱ्या विभागात ‘एच’ अक्षराने सुरू होणारे संकेत असतात. इंग्रजी कच्चं असणाऱ्यांसाठी हे सोन्यासारखे, कारण पत्रक कुठल्याही भाषेतलं असो, संकेत तेच राहतात. टोल्युइनच्या पत्रकात एच 225 दिसेल: द्रव आणि वाफ सहज पेट घेणारी. एच 304: गिळल्यावर श्वासनलिकेत गेलं तर जीवघेणं. एच 336: गुंगी, चक्कर. आतेभावाच्या जड डोक्याचा धागा इथे सापडला. आणि एच 361 डी: पोटातल्या बाळाला इजा होण्याची शंका. पाउच मोजायला बसणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलंय का, हे आपल्या शेडमध्ये एकदा विचारून पाहा.

आठव्या विभागात ‘योग्य हातमोजे वापरा’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते पत्रक कामचुकाराचं समजा. कशाचे हातमोजे, किती जाड, किती मिनिटं टिकणारे, हे त्यात असायला हवं. दवाखान्यातल्यासारखे पातळ लेटेक्सचे हातमोजे टोल्युइनपुढे थोडाच वेळ टिकतात, पातळ नायट्राइलचेही तसेच. फ्लुओरोरबराचे, म्हणजे व्हायटॉनचे, टिकतात. मास्कचंही तेच. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन 95 मास्क वाफ अडवत नाही, एन 95 धुळीसाठी असतो. वाफेसाठी सेंद्रिय वाफ शोषणारा काडतुसाचा मास्क लागतो. त्याच्याही आधी हवा खेचून बाहेर टाकणारी नीट व्यवस्था लागते. मास्क हा शेवटचा उपाय असतो, पण आपल्याकडे त्याचाच नंबर पहिला लावतात.

पत्रकाचं भाषांतर मोबाइलवर करून घ्यायला हरकत नाही, पण ‘नका’ची वाक्यं मूळ मजकुराशी ताडून पाहा. ‘उलटी करवू नका’ यातला ‘नका’ गळला तर काय होईल?

तिसरी पायरी: दुसऱ्या साक्षीदाराला विचारा

पत्रक विकणाऱ्याने लिहिलेलं असतं. म्हणून माल न विकणाऱ्या दोन संस्थांशी ते पडताळून घ्यायचं. मी आधी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची रासायनिक सुरक्षा कार्डं उघडतो. एका पदार्थाला दोन पानं, वाक्यं सोपी. मग अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची खिशातली मार्गदर्शिका. कॅनडाच्या सीसीओएचएस या कामगार-सुरक्षा केंद्राची प्रश्नोत्तरं आणि ब्रिटनच्या एचएसई या सरकारी संस्थेची पानंही मोफत आहेत. रसायनाचं एखादं वैज्ञानिक अंग खोलात पाहायचं तर पबकेम हा अमेरिकेचा मोफत रसायनकोश. 2025 मध्ये नायॉशमध्ये मोठी कर्मचारीकपात झाली. त्यामुळे लागतील ती पानं उतरवून ठेवा.

इथे एक गोंधळ हमखास होतो. टोल्युइनची 8 तासांच्या पाळीची मर्यादा शोधली तर अमेरिकेच्या कायद्यात 200 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 200 भाग) दिसते, नायॉशच्या शिफारशीत 100, आणि तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच संस्थेत 20. आपल्या नोव्हेंबर 2025 पर्यंतच्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत 100 होती. खरं कुठलं? चारही खरेच आहेत. कायद्यातला आकडा बदलायला वर्षानुवर्षं लागतात. अमेरिकेच्या बऱ्याच मर्यादा 1970 च्या आगेमागे ठरल्या आणि तशाच राहिल्या, हे तिथलं सरकारी खातंच कबूल करतं. एसीजीआयएचचा आकडा आरोग्याच्या अभ्यासावरून ठरतो, पण त्याला कायद्याचं बळ नाही. म्हणून तक्रारीत कायद्याचा आकडा लिहायचा आणि स्वतःच्या शरीराचा विचार करताना सगळ्यात लहान आकडा धरायचा.

कर्करोगाबद्दल आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेची यादी पाहतात. तिचे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. डिझेलचा धूर आणि बेंझिन दोन्ही गट 1 मध्ये आहेत, म्हणून दोघांचा धोका सारखा ठरत नाही. टोल्युइन गट 3 मध्ये, म्हणजे कर्करोगाबाबत ठरवण्याइतका पुरावा नाही. निरुपद्रवी असा त्याचा अर्थ नाही.

आणि वाचायचा कंटाळा असलेल्या सहकाऱ्यांसाठी युरोपीय संस्थांची नापो नावाची छोटी ॲनिमेशन चित्रं आहेत. त्यात संवादच नाहीत, त्यामुळे बिहारहून आलेल्या कंत्राटी मुलालाही ती तितकीच कळतात.

चौथी पायरी: कंपनीकडे हक्काने मागा

भोपाळची वायुदुर्घटना 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्रीची. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. कलम 41-बीने धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं मालकावर बंधनकारक केलं. कलम 111-एने आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 लागू झाली आहे. माहितीचा हक्क तिच्यातही आहे. अर्जात नव्या संहितेचं नाव घाला. ऑफिसातला माणूस जुन्या कलमांवर वाढलेला असेल, तर जुनी कलमंही लिहिलेली बरी.

तोंडी मागू नका. एका कागदावर पदार्थाचं नाव, माहितीपत्रकाची मागणी आणि तारीख लिहा. एक प्रत द्या, दुसरीवर पोच घ्या. एकट्याला भीती वाटत असेल तर युनियनमार्फत किंवा सुरक्षा समितीच्या बैठकीत विषय मांडा. दाद नाही मिळाली तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर’. ज्याला मुळातून अभ्यास करायचाय त्याने मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्थेच्या ग्रंथालयाची चौकशी करावी.

कारखान्याबाहेर राहत असाल तर

डोंबिवलीत 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला स्फोट झाले, तेव्हा आत काय साठवलं होतं हे लोकांना नंतर कळलं. ते आधी कळण्याच्या वाटा आहेत.

सगळ्यात सोपी वाट फाटकाची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या आदेशानंतर धोकादायक कचरा तयार करणाऱ्या कारखान्यांना मुख्य फाटकाबाहेर रसायनं आणि कचऱ्याची माहिती देणारा फलक लावावा लागतो. रंग उडाला असेल, वेल चढला असेल, तरी जाऊन पाहा. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर त्या कारखान्याचं संमतीपत्र शोधा. कोणतं उत्पादन, किती, सांडपाणी किती आणि कुठे, सगळं त्यात असतं. नवा किंवा वाढीव प्रकल्प असेल आणि त्याची जनसुनावणी होणार असेल, तर तिच्याआधी पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. म्हणजे सगळ्या शोधात सरकारी मराठीतला एक कागद इथे नक्की मिळतो. मराठी अवघड असते, पण असते.

उरलेलं माहितीच्या अधिकारात. फी 10 रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. अर्जात ‘कारवाई का केली नाही’ विचारू नका, कागदाची प्रत मागा. कारखान्याने दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे नमुना 5, मागायला विसरू नका. कच्चा माल किती लागला आणि कचरा किती निघाला, हे कारखान्याच्याच सहीने त्यात लिहिलेलं असतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

डॉक्टरकडे जाताना

घाईच्या ओपीडीत ‘काम काय करता’ हे विचारलं जाईलच असं नाही. तुम्हीच सांगा, आणि ‘कंपनीत आहे’ एवढं सांगून थांबू नका. कुठला पदार्थ, दिवसाचे किती तास, बंद खोलीत की उघड्यावर, त्रास सुट्टीच्या दिवशी कमी होतो का. हा शेवटचा मुद्दा फार कामाचा. आतेभावाचं डोकं रविवारी दुखत नसे, हे त्याला स्वतःलाही विचारल्यावरच आठवलं. माहितीपत्रकाची छापील प्रत सोबत न्या. ईएसआयसीचा विमा असेल तर केसपेपरवर कामाची नोंद लिहून घ्या. नंतर व्यवसायजन्य आजाराचा दावा करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

विषबाधेची शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक 1800 116 117, दिवसरात्र. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांनीही तो जवळ ठेवावा. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर अतिविषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. डबा किंवा त्याचं लेबल पेशंटबरोबर दवाखान्यात गेलंच पाहिजे. थिनर पोटात गेला असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका, तो फुप्फुसात उतरतो.

लेबलचा तो पहिला फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये पाठवून ठेवा. ऐन वेळी तुमचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये असणार.