जपानी डिक्शनरीत शब्द सापडत नाहीये? आधी टायपिंगच्या या चुका टाळा

जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, जवळ आली की पुण्यातल्या जपानीच्या क्लासेसमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते, "कॉम्प्युटरवर डिक्शनरी टाकलीये पण त्यात शब्दच नाहीयेत". शब्द असतात हो. फुकट मिळणाऱ्या बहुतेक जपानी-इंग्रजी डिक्शनऱ्यांच्या पोटात एकच डेटा असतो, जेएमडिक्ट नावाचा, जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये एडिक्ट म्हणून सुरू केलेल्या कामातून वाढलेला, आणि त्यात दीड लाखाच्या वर नोंदी आहेत. एन फाइव्ह, एन फोरचा, म्हणजे त्या परीक्षेच्या सगळ्यात सोप्या दोन पातळ्यांचा, शब्द त्यात नाही असं होणं अवघडच. प्रॉब्लेम असा की सॉफ्टवेअर तुमचा उच्चार शोधत नाही, तुम्ही बॉक्समध्ये टाकलेली काना, म्हणजे जपानी उच्चारलिपीतली, अक्षरं जशीच्या तशी शोधतं, आणि तिथे काय पडलंय ते आपण नीट बघतच नाही.

की-बोर्ड खरंच जपानीवर आहे का

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग टाईम अँड लँग्वेज, तिथे जपानी भाषा ॲड केली की मायक्रोसॉफ्टचा आयएमई, म्हणजे इंग्रजी बटणांवरून जपानी टाईप करून देणारा प्रोग्राम, येतो. मॅकवर की-बोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्सेसमधून जपानी रोमाजी (रोमन अक्षरांत लिहिलेलं जपानी) घ्यायचं, लिनक्सवाल्यांनी मोझ्क टाकायचं. इथवर सगळे करतात. गंमत पुढे आहे. आपल्याकडे इंग्रजी, मराठी आणि जपानी असे तीन की-बोर्ड एकाच मशीनवर असतात, विंडोज की आणि स्पेस दाबून जपानीवर आलं तरी आयएमई आतल्या आत इंग्रजी मोडमध्ये असू शकतो, म्हणजे टास्कबारवर जपानी दिसतंय आणि टाईप होतंय इंग्रजी. शेजारचा छोटा आयकॉन बघा, तिथे इंग्रजी 'ए' असेल तर ऑल्ट धरून एस्केपच्या खालचं बटण दाबा, तो जपानी 'आ' झाला की मग लिहा.

'ए' दाबलं की 'चि' आणि 'के' दाबलं की 'नो' येत असेल तर मशीन बिघडलेलं नाही, रोमाजीऐवजी काना इनपुट चालू झालंय, जपानी लोकांच्या की-बोर्डवर प्रत्येक बटणावर एक काना छापलेला असतो तो मोड. आयकॉनवर राईट क्लिक करून रोमाजी इनपुट निवडा. आणि शिफ्ट-दोनवर ॲट-द-रेटऐवजी अवतरणचिन्ह येत असेल तर विंडोजला वाटतंय की तुमचा की-बोर्ड जपानमधला आहे, जपानी भाषेच्या ऑप्शन्समध्ये हार्डवेअर की-बोर्ड लेआऊट इंग्रजी १०१ की करा आणि मशीन रिस्टार्ट करा, रिस्टार्टशिवाय फरक पडत नाही.

स्पेलिंग: सगळ्यात जास्त शब्द इथेच हरवतात

आपण वहीत देवनागरीत उच्चार लिहितो आणि तोच डोक्यात धरून टाईप करतो, हे सगळ्या घोळाचं मूळ. देवनागरी बऱ्याच बाबतीत जपानीला छान बसते पण काही ठिकाणी फरक गिळून टाकते.

पहिला घोळ 'न' चा. पुस्तकाचं दुकान म्हणजे 'होन' अधिक 'या', वहीत आपण लिहिणार 'होन्या', आणि एच-ओ-एन-वाय-ए टाईप केलं की आयएमई 'हो' आणि 'न्या' असं जोडून टाकतो, असा शब्द काही तुम्हाला हवा नसतो. सुटा 'न' हवा असेल तर एन दोनदा दाबायचा. पुढे स्वर किंवा वाय असेल तेव्हा तर नक्कीच, कारण तिथे शब्दच बदलतो: के-आय-एन-ई-एन म्हणजे किनेन, स्मरण, के-आय-एन-एन-ई-एन म्हणजे धूम्रपान बंदी. तानि म्हणजे दरी, मध्ये दोन एन घातले की कोर्सचं क्रेडिट किंवा मोजमापाचं युनिट. आणि याच नियमामुळे कोन्निचिवाला चक्क तीन एन लागतात, दोन सुट्या 'न' चे आणि एक 'नि' चा, दोनच दिले तर 'कोन-इचि' असं काहीतरी येतं आणि मग लोक म्हणतात नमस्कार पण नाही का डिक्शनरीत! शब्दाच्या शेवटचा एकटा एन एंटर मारेपर्यंत इंग्रजी अक्षरच राहतो, तेव्हा शेवटीसुद्धा दोनदा दाबायची सवय बरी.

याच 'न' चा दुसरा त्रास म्हणजे 'म'. प, ब च्या आधी तो म सारखा ऐकू येतो, शिम्बुन, सेम्पाइ, आपल्याला ते खटकत नाही कारण मराठीत 'संप' आणि 'खांब' मध्ये आपण तेच करतो. पण जपानीत तिथे कानामध्ये सुटा 'न' असतो, म्हणून एम नाही, एन. एम टाकला तर मधेच एक इंग्रजी एम लटकलेला दिसेल.

दीर्घ 'ओ' ला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुस्तकात रोमन अक्षरावर आडवी रेघ असते, वहीत आपण नुसतं 'तोक्यो' लिहितो, टाईप करायचं असतं तो-उ-क्यो-उ. बहुतेक शब्दांमध्ये हा दीर्घ ओ म्हणजे ओ आणि यू. मात्र थोडे शब्द असे आहेत ज्यात ओ-ओ लागतं आणि नेमके तेच रोजचे आहेत: ओओकिइ म्हणजे मोठा, ओओइ म्हणजे पुष्कळ, तोओइ म्हणजे लांब, कोओरि म्हणजे बर्फ, तोओरु म्हणजे तिथून जाणं, ओओकामि म्हणजे लांडगा, शिवाय ओओसाका शहर. कारण असं की जुन्या लेखनात या शब्दांमध्ये दुसरं अक्षर 'हो' होतं, बर्फ पूर्वी 'कोहोरि' लिहायचे, उच्चारातला ह गेला आणि ओ उरला, १९८६ च्या जपान सरकारच्या लेखननियमांत अशा शब्दांची यादीच दिलीये. यादी लहान आहे, पाठ करून टाका. 'ए' चं पण तसंच, सेन्सेइ लिहिताना ई-आय, सेन्से असं ऐकू आलं तरी, पण मोठी बहीण म्हणजे ओनेएसान मात्र ई-ई. आणि 'ओजिसान' मध्ये एक आय दिला तर काका, दोन दिले तर आजोबा, इथे शब्द सापडतो पण चुकीचा, ते जास्त वाईट.

जोडाक्षरासारखा थांबा, म्हणजे छोटा त्सु, पुढचं व्यंजन दोनदा दाबून येतो: कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट, एकच टी दिला तर किते, म्हणजे येऊन किंवा घालून. 'च' च्या आधी पुस्तकं टी-सी-एच लिहितात, तुम्ही सी-सी-एच करा म्हणजे सगळीकडे चालतं. एकटा छोटा त्सु हवा असेल तर आधी एक्स किंवा एल दाबून मग टी-एस-यू.

'जि' आणि 'झु' प्रत्येकी दोन आहेत. साधे जे-आय आणि झेड-यू ने येतात, दुसरे डी-आय आणि डी-यू ने. चालू राहणं, त्सुझुकु, यात मधला डी-यू. नाकातून रक्त, हानाजि, यात शेवटी डी-आय कारण रक्त म्हणजे 'चि' आणि तेच जोडून मऊ झालंय, चंद्रकोर म्हणजे मिकाझुकि, तिथे त्सुकि, म्हणजे चंद्र, आहे म्हणून डी-यू. काही सॉफ्टवेअर समजून घेतात, काही अजिबात नाही. आणि कोन्निचिवा, कोन्बान्वा यांचा शेवटचा 'वा' एच-ए ने टाईप करायचा हे क्लासमध्ये शिकवलेलं असतं, डिक्शनरी उघडली की विसरतात.

कॉफी, पार्टी आणि आपला हात

कातकाना, म्हणजे परदेशी शब्दांसाठीचा काना, यातली लांब रेघ हायफनच्या बटणाने येते. के-ओ-हायफन-एच-आय-हायफन म्हणजे कॉफी. ओ-ओ, आय-आय करून लिहिलं तर बऱ्याच डिक्शनऱ्यांना ते समजत नाही, हिरागाना (नेहमीचा काना) की कातकाना याने सहसा फरक पडत नाही पण रेघ आणि दुसरा स्वर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी फोनेटिक टायपिंगची सवय इथे नडते. टी-आय दाबलं की आपल्याला 'टि' अपेक्षित, जपानीत येतो 'चि'. पार्टीचा टी हवा तर टी-एच-आय, सीडीचा डी हवा तर डी-एच-आय. व्हायोलिनसारखा शब्द व्ही ने नाही मिळाला तर बी ने बघा, जपानीत दोन्ही लिहितात.

आयएमईने टाईप करताना होत नाही पण फोटोतून ओसीआर केलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअरने अक्षरं ओळखून काढलेल्या, मजकुरात होतं ते म्हणजे दिसायला जुळी अक्षरं. कातकाना 'नि' आणि दोनचा कांजी (चिनीतून आलेलं शब्दचिन्ह), 'का' आणि शक्तीचा कांजी, 'रो' आणि तोंडाचा कांजी, लांब रेघ आणि एकचा कांजी. डोळ्याला सारखे, सॉफ्टवेअरला पूर्ण वेगळे. संशय आला की शब्द हाताने परत टाईप करा.

स्पेसची घाई

टाईप केलेल्या काना अक्षरांखाली रेघ दिसतेय तोवर तो शब्द आयएमईच्या ताब्यात आहे, डिक्शनरीकडे गेलेलाच नाही. पहिला एंटर शब्द पक्का करतो, दुसरा शोधतो. मधे स्पेस मारलीत तर आयएमई स्वतःच्या मनाने कांजी बसवतो, आणि 'किशा' साठी त्याच्याकडे पत्रकार, आगगाडी, तुमची कंपनी, ऑफिसला परतणं असे बरेच पर्याय असतात, त्याने आगगाडी दिली आणि तुम्हाला पत्रकार हवा होता तर सॉफ्टवेअर आगगाडीच दाखवणार ना. कांजी माहीत नसेल तर स्पेसला हातच लावू नका, कानामध्येच एंटर मारा, सगळे किशा खाली येतील त्यातून निवडा.

जपानी मोडमध्ये मारलेली स्पेस आणि वाइल्डकार्डचा (कोणत्याही अक्षरांच्या जागी चालणारा) तारा हे रुंद येतात, साधे नाहीत. शब्दाच्या मागे एक रुंद स्पेस राहिली की काही सॉफ्टवेअर सरळ 'काही नाही' म्हणतात आणि ती स्पेस दिसतही नाही. टाईप करून झालंय, रेघ अजून आहे, अशा वेळी एफ-टेन दाबलं की अक्षरं साधी अरुंद इंग्रजी होतात, एफ-सिक्सने हिरागाना, एफ-सेव्हनने कातकाना. एफ-एटपासून लांब राहा, त्याने अरुंद कातकाना येतो आणि त्यात 'गा' म्हणजे 'का' आणि वरचं चिन्ह अशी दोन वेगळी अक्षरं असतात.

क्रियापद मूळ रूपात टाका. ताबेमाशिता नाही, ताबेरु. ऑनलाईन डिक्शनऱ्या रूप ओळखतात म्हणून सवय बिघडते, जुनी ऑफलाईन सॉफ्टवेअर्स सगळीच तेवढी हुशार नसतात.

सगळं बरोबर असूनही चालत नाही तेव्हा

काही सॉफ्टवेअरना आयएमई लागतच नाही. जेडब्ल्यूपीसीई मध्ये जपानी टायपिंग आतच आहे, गोल्डनडिक्टमध्ये रोमाजीवरून काना करायचं सेटिंग मिळतं. अशा ठिकाणी वरून विंडोजचा आयएमई पण चालू ठेवला की दोघं एकाच बटणावर झडप घालतात आणि अर्धवट कचरा उमटतो. एकच ठेवा. माझं मत विचाराल तर आयएमई ठेवा, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरचे रोमाजीचे नियम थोडे थोडे वेगळे असतात आणि आयएमईचे एकदा हाताला बसले की सगळीकडे तेच.

पीडीएफमधून कॉपी केलेला शब्द सापडत नसेल तर बॉक्समध्ये 'गा' किंवा 'पा' च्या पुढे कर्सर नेऊन एकदा बॅकस्पेस मारा. अख्खं अक्षर न जाता नुसतं वरचं चिन्ह गेलं तर ते दोन तुकड्यात आलंय, परत टाईप करा. कांजीच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं मूलघटकाचं चिन्ह येणं हाही पीडीएफचाच प्रताप. आणि हाताने कांजी काढायला चिनी की-बोर्डचं हस्ताक्षर पॅड वापरू नका, आयएमईचं स्वतःचं आयएमई पॅड आहे ते वापरा, चिनी सोपी अक्षरं वेगळी असतात, जपानी डिक्शनरीत त्यातली बरीचशी नसतात.

राहिला मोजिबाके, म्हणजे सगळीकडे विचित्र चिन्हांची खिचडी. जुनी सॉफ्टवेअर्स युनिकोडच्या आधीची असतात आणि शिफ्ट-जेआयएस ही जुनी जपानी अक्षरसंकेताची पद्धत गृहीत धरतात. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडा, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये सिस्टम लोकेल जपानी करा, रिस्टार्ट. तिथेच यूटीएफ-एट बीटाची टिक असेल तर काढा, ती असली की लोकेल बदलूनही उपयोग होत नाही. नंतर काही प्रोग्रामांमध्ये फोल्डरच्या पत्त्यात बॅकस्लॅशच्या जागी येनचं चिन्ह दिसायला लागेल, ते तसंच असतं जपानी विंडोजमध्ये, फाईल्स कुठे हलल्या नाहीयेत, ते दुरुस्त करायला जाऊ नका.