रानातली अळिंबी उपटू नका, खणून काढा

दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि मग उघडीप मिळाली, की बांधावर, वारुळाजवळ, कुजक्या ओंडक्यांवर छत्र्या वर येतात. त्या एका रात्रीत उगवल्यासारख्या दिसतात खऱ्या. पण त्यांची बुरशी आधीपासून मातीत पसरलेली असते, फक्त ओलीची वाट बघत.

तोडायला जाताना खुरपं बरोबर घ्या. हाताने उपटली की दांडा मध्येच मोडतो आणि ओळख पटवणारा भाग मातीतच राहतो. अमानिटा गटातल्या जीवघेण्या अळिंब्यांच्या दांड्याच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण असतं. टोपीखाली पांढरे पडदे (पात्यांसारख्या पातळ चुण्या), दांड्यावर कडं आणि बुडाशी ही पिशवी अशी तिन्ही लक्षणं दिसली, तर ती टोपलीत नको. कडं पावसाने गळूनही जातं, त्यामुळे ते नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. वारुळावरच्या अळिंबीला पिशवी नसते. तिचा दांडा मुळासारखा निमुळता होत खाली वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. तो अख्खा खणून काढलात तरच हा फरक दिसेल.

अंड्यासारखे पांढरे गोळे सापडले तर प्रत्येक गोळा उभा चिरा. आत टोपी आणि दांड्याची आकृती उमटलेली दिसली, तर ती न उमललेली विषारी छत्री असू शकते.

शंका असेल तर रात्री एक टोपी पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा. वर वाटी पालथी घाला. सकाळी बीजाणूंचा ठसा दिसेल. हिरवट ठसा म्हणजे गवतात उगवणारी, उलट्या-जुलाब करणारी क्लोरोफायलम. अमानिटाचा ठसा पांढरा पडतो, पण पांढरा ठसा कित्येक खाण्याजोग्या अळिंब्यांचाही असतो. म्हणजे ठशाने शंका पक्की होते, खात्री होत नाही. खात्रीसाठी ती जात वर्षानुवर्षं खाणारा जाणकारच हवा, आणि त्यालाही फोटो नव्हे, बुडासकट ताजी अळिंबी दाखवायची.

विषारी असेल तर चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्ली म्हणजे चांगली: यातलं काहीही खरं नाही. उकळून किंवा वाळवूनही अमानिटाचं विष जात नाही. चवीवरही जाऊ नका. ही अळिंबी खाऊन वाचलेल्यांनी ती चविष्ट लागल्याचं सांगितलेलं आहे.

नुकतीच फवारणी झालेलं शेत, रस्त्याची कड, सांडपाण्याचा चर इथली खाण्याजोगी जातही सोडून द्या. भिजून लिबलिबीत झालेली घेऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून नासते, टोपलीच बरी. वेगवेगळ्या जाती एकत्र करू नका, कच्ची खाऊ नका, पहिल्यांदा अगदी थोडीच खा आणि एक अख्खी अळिंबी न शिजवता कागदात गुंडाळून थंड जागी ठेवा.

ती ठेवायची ती डॉक्टरांसाठी. अमानिटाचा त्रास बहुधा 6 ते 24 तासांनी सुरू होतो, म्हणजे जेवणाचा आणि उलटीचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. मग उलट्या-जुलाब थांबतात, माणूस उठून बसतो, घरचे निश्चिंत होतात. याच काळात यकृत निकामी होत असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रकृती ढासळते. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. जेवणाची वेळ सांगा, ठेवलेली अळिंबी दाखवा आणि त्याच ताटातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना, त्रास नसला तरी, दवाखान्यात न्या.