गाडीचे घट्ट मेण: साठवण आणि छोट्या डब्यांत भरणी

गाडीला लावायच्या घट्ट मेणाचा डबा बहुतेक घरांत वर्षातून तीन-चार वेळाच उघडला जातो. एका गाडीला एका वेळी दोन-तीन चमचे मेण पुरते, त्यामुळे दोनशे ग्रॅमचा डबा काही वर्षे चालायला हवा. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाकण काढावे तर मेणाची चकती कडेपासून सुटलेली, मधोमध भेगाळलेली असते आणि डबा हलवला की आत खुळखुळते. असा डबा लोक फेकून देतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यातील मेण बहुधा नासलेले नसते.

या मेणात ब्राझीलच्या ईशान्य भागातील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा, कधी मधमाशांचे मेण किंवा पॅराफिन आणि या सर्वांना मऊ ठेवणारा, टर्पेंटाइनच्या जातीचा उडून जाणारा द्रावक असतो. कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि एरवी दगडासारखे कडक असते. ते स्पंजावर लोण्यासारखे येते ते केवळ द्रावकामुळे. तो उडाला की मेण आक्रसते. म्हणून साठवणीचा सारा खटाटोप हा द्रावक डब्यातच राहावा यासाठी असतो.

डबा अर्ध्यावर आला की वरच्या रिकाम्या जागेत वाफ साचते आणि प्रत्येक वेळी झाकण काढताच ती निघून जाते. त्यामुळे मोठा डबा नवा असतानाच त्यातील मेण तीन-चार लहान डब्यांत भरावे, त्यांतला एकच वापरात ठेवावा आणि बाकीचे उघडूच नयेत. यासाठी रुंद तोंडाची, घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची लहान बरणी सर्वांत चांगली. पत्र्याची डबीही चालते, परंतु कोकणासारख्या दमट हवेत तिच्या कडेला गंज धरतो आणि त्याचे कण मेणात पडतात. प्लास्टिकच वापरायचे असेल तर तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असलेली बरणी घ्यावी. ६ आकड्याचे, म्हणजे पॉलिस्टायरीनचे, पारदर्शक डबे कटाक्षाने टाळावेत, कारण द्रावकाने ते आधी दुधाळ होतात आणि मग तडकतात.

मेण वितळवून ओतण्याचा मोह आवरावा. ते थंडच, स्वच्छ पुट्टीच्या पट्टीने कापून बरणीत थोडेथोडे घालावे आणि प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने दाबावा, म्हणजे मधे हवेचे खिसे राहत नाहीत. बरणी काठोकाठ भरावी, वर तिच्या तोंडाच्या मापाची अ‍ॅल्युमिनिअमच्या फॉइलची गोल चकती मेणाला चिकटेल अशी बसवावी आणि झाकणाचे आटे पुसून मगच झाकण आवळावे, कारण आट्यांत अडकलेला मेणाचा एक कणही झाकण नीट बसू देत नाही. बरणीवर मेणाचे नाव, भरल्याची तारीख आणि ‘ज्वलनशील, खाण्याचे नाही’ अशी ठळक चिठ्ठी लावावी. ही बरणी पुन्हा कधीही स्वयंपाकघरात नेऊ नये. मुले तुपाची बरणी समजून उघडतील इतके हे मेण तुपासारखे दिसते.

वापरातल्या डब्यात स्पंज ठेवून देण्याची सवय मोडावी. स्पंजाला चिकटलेला धुळीचा खडा मेणात रुततो आणि पुढच्या वेळी तोच बॉनेटवर बारीक गोल ओरखडे उमटवतो. मेण पट्टीने काढून स्पंजावर घ्यावे, स्पंज वेगळ्या पिशवीत ठेवावा.

डबा गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नये. मे महिन्यात एकदा माझा डबा डिकीत राहिला, तेव्हा तेलकट पिवळा द्रव झाकणाखालून झिरपून खालच्या सतरंजीत मुरला आणि आत उरले ते रवाळ, कोरडे मेण. घरातील सावलीचे, थंड कपाट योग्य. गॅस, गीझर आणि देवघरातील दिवा यांपासून ते दूर असावे.

मेण सुकलेच असेल, तर आधी वेष्टन वाचावे. द्रावकाच्या मेणातच रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन चालते, पाण्यात घोटलेल्या मेणात ते मिसळत नाही. शंभर ग्रॅमला एक लहान चमचा टर्पेंटाइन भेगांत सोडून, झाकण लावून डबा दोन दिवस तसाच ठेवावा. बहुधा तेवढ्याने मेण मऊ होते. न झाल्यास पाणी उकळून गॅस बंद करावा, भांडे बाल्कनीत किंवा अंगणात न्यावे आणि झाकण सैल केलेला डबा त्यात ठेवावा. जळत्या शेगडीवर हे मेण कधीच तापवू नये, कारण टर्पेंटाइनची वाफ चाळीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेते. निवल्यावर मेण थोडे दाणेदार दिसले तरी चालते. दाराच्या आतल्या चौकटीवर ते लावून, सुकवून, पुसून पाहावे आणि डाग राहत नसेल तरच बाहेरच्या रंगावर वापरावे. पुसण्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर पसरून वाळवावीत.