ग्रामीण रुग्णालयातल्या या चुका टाळा: मेमो नको, मांडणी बदला

तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एक सिस्टर, एक मावशी आणि ऑन कॉल डॉक्टर असतात. अशा ठिकाणी चूक झाली की दुसऱ्या दिवशी मेमो निघतो, सही होते आणि तीच चूक महिनाभरात पुन्हा होते. घाईत हात जिथे जातो तिथे चुकीची वस्तू ठेवलेली असेल तर सूचनाफलकाचा उपयोग शून्य. खालच्या बहुतेक चुकांवर उपाय आहे तो वस्तू हलवण्याचा किंवा प्रश्न बदलण्याचा.

"तुम्ही शांताबाई ना?"

हा प्रश्नच बाद करा. तापाने ग्लानीत असलेली किंवा कमी ऐकू येणारी बाई कशालाही "हो" म्हणते. "तुमचं पूर्ण नाव काय?" असं विचारा, मग केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक मनगटपट्टीशी जुळवा. एका गावात एकाच आडनावाची वीस घरं असतात, त्यामुळे खाट क्रमांक ही ओळख नव्हे. दुपारी खाट बदललेली असते आणि रक्ताचा रिपोर्ट जुन्याच खाटेवर पोचतो. रक्ताच्या बल्बवर, म्हणजे नमुन्याच्या नळीवर, नाव आधी लिहून ठेवू नका. रक्त काढल्यावर, खाटेजवळच लिहा.

पोटॅशियम ट्रॉलीवर

सगळ्यात धोक्याची जागा हीच. केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, १० मिलीची ॲम्प्यूल (छोटी सीलबंद कुपी) आणि डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्यूल शेजारीशेजारी असतात, दिसायलाही बऱ्याचदा सारख्या. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला हात पाण्याकडे जातो आणि केसीएल उचललं जातं. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. त्यामुळे केसीएल ट्रॉलीवरून उचला, इनचार्ज सिस्टरच्या कुलपात वेगळ्या लाल डब्यात ठेवा आणि काढताना दोघांनी लेबल मोठ्याने वाचा.

दुसरी चूक सहसा दिसतच नाही. लटकत्या सलाईनमध्ये केसीएल सोडलं की ते जड असल्याने तळाशी, सेटच्या (सलाईनच्या नळीच्या) तोंडाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच बरंचसं रुग्णाच्या अंगात जातं. आधी सेटचा क्लॅम्प बंद करा, बाटली खाली घ्या, औषध घाला, आठदहा वेळा उलटसुलट करा, मगच टांगा. १५ टक्क्यांच्या १० मिली ॲम्प्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. हातापायाच्या शिरेतून द्यायचं तर ५०० मिलीत एकच ॲम्प्यूल, तीही दोन तासांपेक्षा लवकर नाही. बाटलीवर औषध, मात्रा आणि वेळ लिहा.

थेंबांचा हिशेब सोपा आहे. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणून तासाला जितके मिली द्यायचे त्याला तिनाने भागा, मिनिटाचे थेंब मिळतात. ५०० मिली चार तासांत म्हणजे तासाला १२५ मिली, मिनिटाला ४२ थेंब. बारीक थेंबांच्या मायक्रो सेटमध्ये भागायची गरजच नाही. पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो आधी बघा.

इन्सुलिन, सात आणि साठ

आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल (छोटी बाटली) बहुधा ४० युनिट प्रति मिलीची, पेनच्या कार्ट्रिजमध्ये मात्र १००. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत ओढलं तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट मिळतात. उलट अदलाबदल झाली तर फक्त ८, आणि मग "साखर उतरत का नाही" म्हणून डोस वाढवत बसायचं. वॉर्डात एकाच प्रकारची सिरिंज ठेवा, कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढणं बंदच करा.

फोनवरची ऑर्डर ही मराठीची खास अडचण. "सात" आणि "साठ", "पंधरा" आणि "पन्नास" रात्रीच्या खरखरत्या लाईनवर सारखेच ऐकू येतात. ऐकलेला आकडा सुटा करून परत म्हणा: "पंधरा, एक-पाच." लिहिताना "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा. घाईतला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

लहान मुलाच्या केसपेपरवर वजन नसेल तर औषध काढूच नका. १० किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम लागतं. ते ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये ६ मिली आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या ड्रॉप्समध्ये दीड मिली. आईला "६ मिली" एवढंच सांगून हातात ड्रॉप्सची बाटली दिली तर चौपट डोस जातो.

सिलिंडर भरलेला "दिसतो"

बी टाईप सिलिंडरसाठी दाबाच्या घड्याळाचा काटा दाखवतो त्या आकड्याला दहाने गुणा, तेवढे लिटर ऑक्सिजन शिल्लक. काटा ६० वर असेल तर ६०० लिटर, मिनिटाला ५ लिटरने दोन तास. मिनिटाला १० लिटरवर मास्क लावला तर एकच तास. जिल्हा रुग्णालय दीड तासावर असेल तर हा सिलिंडर रुग्णवाहिकेत चढवू नका. घाट, वाहतूक आणि तिथल्या दारातली वाट बघणं धरून दीडपट साठा हवा. ऑक्सिजन ज्यातून जातो त्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत नसतील तर बहुतेक वेळा झाकण आट्यांवर तिरकं बसलेलं असतं. रेग्युलेटर घट्ट बसत नाही म्हणून तेल किंवा ग्रीस लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि पाना साखळीने सिलिंडरलाच बांधा. ऐन वेळी हरवतो तो पानाच.

ओव्हर खाटेजवळ

काउंटरवर रजिस्टर वाचून दिलेली ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं, अर्धवट असते. "काय केलं" सांगितलं जातं, "काय राहिलं" सुटतं. खाटेजवळ उभं राहून चार गोष्टी बघा: सलाईनची जागा सुजली आहे का, बाटलीत किती उरलंय, लघवी किती झाली, कोणता रिपोर्ट यायचा आहे.

सर्पदंशाच्या रुग्णाचं रक्त गोठतं का हे बघायची २० मिनिटांची चाचणी प्लास्टिकच्या बल्बमध्ये करू नका. काचेची, कोरडी, साबणाचा अंश नसलेली नळी हवी, नाहीतर गोठणारं रक्तही गोठत नाही असं दिसतं. अशी नवी नळी सर्पदंशाच्या लसीच्या डब्यातच ठेवा.

इमर्जन्सी ट्रॉलीवर लॅरिंगोस्कोप (श्वासनळीत नळी घालताना घसा बघायचं दिव्याचं उपकरण) ब्लेड उघडून ठेवलेला सापडला तर त्याचा दिवा रात्रभर पेटून सेल उतरलेले असणार. प्रत्येक पाळीत उघडून उजेड बघा, मिटवून ठेवा, आणि नव्या सेलची जोडी हँडललाच चिकटपट्टीने लावून ठेवा.