हॉटेलात जेवायला निघण्याआधीची तयारी

परभणीच्या आमच्या घरी हिशेबाच्या डायरीत मागच्या दिवाळीचे एक बिल टाचून ठेवले आहे. भाऊबिजेला बहीण आणि दाजी दोन्ही मुलांना घेऊन आले होते. आम्ही नवरा-बायको धरून सहा जण रात्री बाहेर जेवलो आणि २,५५२ रुपये झाले. बहिणीसाठी खर्च झाला याची खंत मुळीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते बिल एकेक ओळ करून वाचले, तेव्हा मात्र वाईट वाटले. चार भाज्यांपैकी एक जवळजवळ तशीच परत गेली होती, तिचे २३० रुपये होते. अठरा रोट्यांपैकी पाच टोपलीत वाळून चामड्यासारख्या झाल्या होत्या, त्यांचे १२५. कोणीही न मागितलेले सहा मसाला पापड २४० रुपयांचे आणि पाण्याच्या चार बाटल्या १२० रुपयांच्या. जीएसटी धरून साधारण साडेसातशे रुपये असे गेले, की त्यांतून ना बहिणीला काही मिळाले, ना मुलांना.

तेव्हापासून बाहेर जेवायला जाण्यापूर्वी आम्ही थोडी तयारी करतो. तिच्यामागचा विचार एकच आहे: काटकसर पाहुण्याला जाणवता कामा नये, आणि ती जाणवू द्यायची नसेल तर टेबलावर बसण्यापूर्वीच झालेली असावी. मेन्यू कार्ड हातात घेऊन उजव्या बाजूचे आकडे वाचत बसलेला यजमान सगळ्यांना दिसतो. मग दाजी संकोचाने ‘मला फार भूक नाही’ म्हणतात आणि आईसमान आत्या फक्त वरण-भात मागवते. असे वाचवलेले पैसे मला नको आहेत.

सर्वांत आधी ठरवायचे ते हे, की या भेटीसाठी रात्रीचे जेवणच हवे आहे का. पाहुण्यांना आपल्या भागाची चव दाखवायची असेल, तर सकाळचा नाश्ता अनेकदा अधिक चांगला आणि कितीतरी स्वस्त पडतो. लातूरला आलेल्या माणसाला पनीरची भाजी खाऊ घालण्यापेक्षा गाड्यावरचा गरम निलंगा राइस खाऊ घालावा. तो पुण्या-मुंबईला गेल्यावरही त्याच राइसची आठवण काढील. छत्रपती संभाजीनगरात नान खलिया, म्हणजे नान आणि मांसाचा रस्सा, खायला जायचे असेल, तर नान भट्टीवरून थेट विकत मिळतात हे लक्षात ठेवावे. माणसे जास्त असतील तेव्हा नान भट्टीवरून आणि खलिया ओळखीच्या हॉटेलातून बांधून आणला, तर घरच्या अंगणात सतरंजी टाकून झालेले जेवण हॉटेलातल्या जेवणापेक्षा जास्त रंगते. हिवाळ्यात हुरड्याचे दिवस असले की शेतावर माणशी ठरावीक दर घेऊन दिवसभराचे खाणे देणारी ठिकाणे मिळतात. तेथे जाण्यापूर्वी त्या दरात फक्त हुरडा, चटणी आणि दही आहे की दुपारचे पिठलं-भाकरीचे जेवणही आहे, लहान मुलांचा दर वेगळा आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे.

जेवायलाच जायचे ठरले, तर आदल्या दिवशी हॉटेलात एक फोन करावा. फोनवर भाव विचारण्यात कमीपणा वाटून घेऊ नये, कारण तेथे आपल्यासमोर पाहुणा बसलेला नसतो. विचारायचे प्रश्न साधे आहेत. एका प्लेट भाजीत किती जण जेवतात? हाफ मिळते का? थाळी मर्यादित आहे की अमर्यादित, आणि अमर्यादित असेल तर त्यात गोड पदार्थ व ताक धरलेले आहे का? फॅमिली सेक्शन वा एसी हॉलमध्ये बसल्यास दर बदलतात का? या शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पण त्याच स्वयंपाकघरातली तीच भाजी एसी हॉलमध्ये महाग देणारी हॉटेले मी आपल्या जिल्ह्याच्या गावांतच पाहिली आहेत. दोन हॉलची दोन मेन्यू कार्डे असतात आणि आत जाऊन बसल्यावर उठून बाहेर येणे कोणालाच जमत नाही.

अमर्यादित थाळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सगळे मोठे, भरपूर जेवणारे आणि दुपारची वेळ असेल तर ती घ्यावी. आजी, दोन लहान मुले आणि रात्री हलके जेवणारी माणसे बरोबर असतील तर घेऊ नये, कारण एका थाळीत दोघांनी जेवायला तेथे परवानगी नसते आणि आजीच्या दीड पोळीला पूर्ण थाळीचे पैसे पडतात. मटणाच्या खानावळीत मात्र थाळीच घ्यावी. वेगवेगळ्या प्लेटा मागवल्या की हिशेब लगेच हाताबाहेर जातो. थाळीत भाकरी, रस्सा आणि भात येतो आणि रस्सा पुन्हा वाढण्याचे पैसे अनेक ठिकाणी घेत नाहीत. ते बसण्याआधी विचारून खात्री करून घ्यावी.

मग माणसे मोजावीत आणि त्यानुसार मागणी घरीच मनाशी बांधावी. चार मोठे आणि दोन लहान असतील तर आमच्या अनुभवाने तीन भाज्या, एक डाळ आणि एक जिरा राइस एवढ्यात पोट भरून जेवण होते. लागलेच तर दुसरा राइस नंतर सांगता येतो. जास्तीचा पदार्थ मागवायला दहा मिनिटे लागतात, पण मागवलेला परत मात्र करता येत नाही. मागणी एकानेच सांगावी. प्रत्येकाने आपापली भाजी सांगायला सुरुवात केली की सहा माणसांच्या सहा भाज्या होतात आणि ‘राहू दे, आणा’ म्हणण्यावाचून यजमानाला गत्यंतर राहत नाही. म्हणून निघण्यापूर्वी घरीच, गप्पांच्या ओघात, प्रत्येकाची आवड विचारून घ्यावी. टेबलावर गेल्यावर मी एवढेच म्हणतो, ‘दाजी, इथली काळ्या मसाल्यातली अख्खी वांगी आणि ज्वारीची भाकरी फार चांगली असते, तीच सांगतो.’ आग्रहही होतो, निवडही होते, आणि भाकरीला जेवढा न्याय आपल्याकडचा तवा देतो तेवढा पनीरला कोणी देत नाही असे मला मनापासून वाटते.

मुलांना उपाशी ठेवून नेऊ नये. हॉटेलात जायचे म्हणून संध्याकाळचे खाणे टाळले, की नऊ वाजता टेबलावर बसल्यावर भाजी येईपर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांत मुले कासावीस होतात. मग स्टार्टर येते, कोल्ड्रिंक येते, आणि प्रत्यक्ष जेवण येते तेव्हा त्यांचे पोट भरलेले असते. निघण्यापूर्वी वाटीभर सुशीला (भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे) किंवा अर्धा धपाटा दिला तरी पुरतो.

पाण्याचा निर्णय घरीच करावा. छापील किमतीपेक्षा जास्त दराने बाटली विकली म्हणून हॉटेलात भांडणारी माणसे मी पाहिली आहेत. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालानुसार हॉटेल आणि रेस्टॉरंट यांना बाटलीबंद पाणी छापील किमतीहून अधिक दराने देता येते, कारण तेथे नुसती वस्तू विकली जात नाही, तर बसण्याची व वाढण्याची सेवाही त्यात येते. त्यामुळे तो वाद टेबलावर घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सहा माणसांना एका जेवणात चार-पाच लिटर पाणी सहज लागते. पिशवीत घरच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात, मुलांच्या शाळेच्या बाटल्याही भरून घ्याव्यात, आणि वेटरने ‘साधे की बिसलेरी’ असे विचारताच निःसंकोचपणे ‘साधे’ म्हणावे. झाकण उघडलेली बाटली परत घेतली जात नाही, म्हणून न मागता टेबलावर ठेवलेली बाटली सुरुवातीलाच परत द्यावी. न मागितलेल्या पापडाचेही तसेच करावे.

प्रवासातले जेवण हा वेगळा विषय आहे. तुळजापूर, औंढा नागनाथ किंवा परळीला दर्शनासाठी निघालेले कुटुंब दिवसातून दोनदा बाहेर जेवते. त्यातले एक जेवण डब्यातले असेल तर दुसरे मोकळ्या मनाने करता येते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे दोन दिवस सहज टिकतात. दही तेवढे वाटेत ताजे घ्यावे. नवरात्रात तुळजापुरात आणि महाशिवरात्रीला औंढा व परळीत मंदिराजवळची हॉटेले गच्च भरलेली असतात. घाईत जे समोर येईल ते खावे लागते. अशा दिवशी गावात शिरण्यापूर्वी रस्त्यावरच्या ढाब्यावर जेवून घ्यावे. नांदेडला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर सर्वांसाठी खुला असतो. तेथे अवश्य बसावे, पण डोके झाकून, श्रद्धेने आणि जमल्यास भांडी घासण्याच्या सेवेत हात लावून. त्याला पैसे वाचवण्याचा मार्ग समजून तेथे जाऊ नये.

टेबलावर बसल्यावर करण्यासारखे थोडेच उरते. रोट्या एकदम सांगू नयेत. ‘दोन-दोन आणा, गरम आणा’ असे सुरुवातीलाच सांगून ठेवावे. तंदूरची रोटी पंधरा मिनिटांत वातड होते आणि मग ती कोणी उचलत नाही. थोड्या थोड्या आल्या की गरमही मिळतात आणि उरतही नाहीत. आलेल्या रोट्या मोजण्याचे काम आम्ही भाच्याकडे दिले आहे. तो प्रत्येक रोटीमागे एक बडीशेपेचा दाणा बशीच्या कडेला लावतो, आणि शेवटी बिलातला आकडा त्याच्या दाण्यांशी जुळवतो. एकदा बिलात तीन रोट्या जास्त लागल्या होत्या. त्याने दाणे दाखवले, काउंटरवरच्या मालकांनी हसत हसत बिल दुरुस्त करून दिले.

बिल वाचायला शिकणे ही तयारीची सर्वांत महत्त्वाची बाब आहे आणि ती एकदा समजून घेतली की कायमची उपयोगी पडते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के आहे, मग हॉल एसी असो वा नसो. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दोन ओळींत दिसतो. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर जाते, तेथील रेस्टॉरंटमध्ये मात्र तो १८ टक्के लागतो, आणि पाहुण्यांना तेथे नेण्यापूर्वी हा फरक माहीत असलेला बरा. याउलट लहान हॉटेले जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत, असू शकतात. दीड कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्यांना ती घेता येते. ते आपला कर स्वतः भरतात आणि ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेण्याचा त्यांना अधिकार नसतो. तशी ओळ त्यांच्या बिलावर छापावी लागते. म्हणून बिलात जीएसटी लावला असेल तर वर जीएसटी क्रमांक आहे का आणि ही ओळ तर छापलेली नाही ना, हे पाहावे. क्रमांक नसेल किंवा ती ओळ असेल तर नम्रपणे विचारावे.

सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलाला तो आपोआप बिलात घालता येत नाही, आणि दुसऱ्या नावानेही लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. तो लावलेला दिसला तर काढून टाकण्यास सांगावे, आणि ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. हे बोलणे पाहुण्यांसमोर होऊ नये म्हणून बिल टेबलावर मागवण्याऐवजी हात धुण्याच्या निमित्ताने उठून काउंटरवरच पाहावे आणि तेथेच पैसे द्यावेत. त्याचा आणखी एक फायदा असा, की ‘मी देतो, मी देतो’ म्हणत दाजींशी होणारी ओढाताण टळते. वेटरच्या टीपमध्ये मात्र बचत शोधू नये. रात्री अकरापर्यंत उभ्या असलेल्या त्या मुलाच्या हातात ती रोख द्यावी, आणि त्यासाठी सुटे पैसे घरूनच खिशात ठेवावेत.

शेवटी स्टीलचे दोन डबे. ते पिशवीत असले की उरलेली भाजी पार्सलचे पैसे न देता घरी येते आणि गरम भाजी प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी लागत नाही. फक्त ताटात उष्टी न झालेली, वाडग्यातली भाजीच भरावी, घरी पोचताच फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी चांगली उकळी आणून खावी. बिलाच्या मागे त्याच रात्री पेन्सिलीने दोन ओळी लिहाव्यात: काय उरले आणि काय कमी पडले. यंदा बहीण येऊन गेली त्या बिलामागे लिहिले आहे, ‘रोट्या अकरा, उरली एकही नाही. भाकरी आणखी दोन हव्या होत्या.’